जुन्या टॉवर सर्व्हरवर डेस्कटॉप प्रणाली बसवताना

मोठी कार्यालये ठरावीक वर्षांनी आपले सर्व्हर बदलतात आणि उतरवलेले सर्व्हर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत किंवा गावोगावच्या जुन्या संगणकांच्या व्यापाऱ्यांकडे येऊन पडतात. सहा-आठ कोअरचा झिऑन हा सर्व्हरसाठीचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम आणि चार-सहा डिस्कांची जागा असलेला टॉवर सर्व्हर तिथे मध्यम दर्जाच्या मोबाइलच्या किमतीत मिळून जातो. किंमत ऐकून मोह होतो, मलाही झाला. घरातील जुनी छायाचित्रे आणि कागदपत्रे स्कॅन करून जपून ठेवणे, रोजचे टंकलेखन आणि इंटरनेट एवढ्या कामासाठी मी २०१२ च्या सुमाराचा असा एक सर्व्हर घेतला. ऑपरेटिंग प्रणाली बसवायला प्रत्यक्षात पाऊण तास लागला, पण तो दिवस उजाडायला तीन आठवडे गेले. तुमचे ते तीन आठवडे वाचावेत म्हणून सगळे क्रमाने लिहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करावी. सर्व्हर हा समोर कोणी बसणार नाही असे गृहीत धरून बनवलेला संगणक असतो. त्यात ध्वनीची सोय नसते, पडद्यावर चित्र दाखवणारी चिप नावापुरती असते, पंख्यांच्या आवाजाची फिकीर कोणी केलेली नसते, आणि वर्षातून एकदोनदाच बंद-सुरू व्हायचे असल्याने सुरू व्हायला तीन मिनिटे लागली तरी कोणाचे बिघडत नाही. पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण याच गृहीतकातून निघते, म्हणून काही अडले की यंत्र बिघडले असे लगेच ठरवू नये.

१. आधी विजेचा हिशेब करा

माझा सर्व्हर काहीही काम नसताना सुमारे ८० वॅट घेतो. हे मी प्लगमध्ये बसणाऱ्या मीटरने मोजले. रोज आठ तास चालवला तर महिन्याला साधारण १९ युनिट होतात आणि चोवीस तास चालू ठेवला तर जवळपास ५८. महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांवर टप्पा बदलतो, त्यामुळे तुमचे बिल आधीच टप्प्याच्या काठावर असेल तर हे ५८ युनिट वरच्या दराने पडतील. त्याच काळातला कार्यालयीन छोटा डेस्कटॉप याच्या निम्म्याहून कमी विजेत चालतो. ज्यांना भरपूर रॅम, अनेक डिस्क आणि चुका स्वतः दुरुस्त करणारी इसीसी स्मृती यांचा खरोखर उपयोग आहे, त्यांनीच सर्व्हरच्या वाटेला जावे. केवळ ब्राउझर आणि पत्रलेखनासाठी घेत असाल तर छोटा डेस्कटॉप घ्या आणि हा लेख इथेच थांबवा, असे मी प्रामाणिकपणे सांगेन.

२. कोणता सर्व्हर घ्यावा आणि दुकानात काय पाहावे

रॅकमध्ये बसणारा चपटा सर्व्हर स्वस्त मिळतो, पण घरासाठी तो घेऊ नये. त्यातील सर्वांत बुटक्या प्रकाराची उंची जेमतेम साडेचार सेंटिमीटर असते, त्यामुळे आतले पंखेही तेवढेच लहान असतात आणि पुरेशी हवा ढकलण्यासाठी त्यांना प्रचंड वेगाने फिरावे लागते. तो आवाज मिक्सर चालू असल्यासारखा असतो आणि थांबत नाही. टॉवर सर्व्हरचे पंखे मोठे असतात, म्हणून संथ फिरूनही काम भागते.

पिढीच्या बाबतीत, २००६ ते २००८ च्या काळातील डीडीआर२ पद्धतीच्या एफबी-डिम रॅमचे सर्व्हर टाळावेत. ती रॅम स्वतःच फार तापते आणि वीज खाते. इंटेलच्या झिऑन ई३-१२००, ई५-२४०० किंवा ई५-२६०० या मालिकांपासून पुढचे काहीही चालेल. मात्र नुसती कोअरची संख्या पाहून भुलू नका. ई५-२४०७ मध्ये चार कोअर २.२ गिगाहर्ट्झवर चालतात आणि त्याला टर्बो, म्हणजे गरजेनुसार आपोआप वाढणारा वेग, नाही. ई५-२४२० मध्ये सहा कोअर असले तरी मूळ वेग १.९ गिगाहर्ट्झ आहे आणि तो फार तर २.४ पर्यंत चढतो. ई५-२४७० मात्र आठ कोअरचा असून ३.१ पर्यंत जातो. ब्राउझरमध्ये पान उघडताना एकेका कोअरचा वेग जाणवतो, त्यामुळे समोर बसून वापरायच्या यंत्रात शेवटचा आकडा महत्त्वाचा. जुने प्रोसेसर सुटे स्वस्त मिळतात, म्हणून सर्व्हर चांगला असेल तर प्रोसेसर नंतरही बदलता येतो. फक्त त्याआधी मदरबोर्ड तो प्रोसेसर स्वीकारतो का आणि बायोस (यंत्र सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम) त्यासाठी पुरेसे नवे आहे का हे पाहावे.

दुकानात यंत्र तुमच्यासमोर सुरू करून घ्या. पडद्यावर येणारा रॅमचा आकडा आणि व्यापाऱ्याने सांगितलेला आकडा जुळतो का ते पाहा. बायोसमध्ये शिरून दाखवायला सांगा, कारण कार्यालयांनी घातलेला पासवर्ड बऱ्याच यंत्रांत तसाच राहिलेला असतो. तो मदरबोर्डवरच्या जंपरने, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या छोट्या टोपीने, काढता येतो आणि जंपरचे स्थान बहुधा झाकणाच्या आतल्या बाजूच्या आकृतीत छापलेले असते, पण ते काम व्यापाऱ्यालाच करू द्यावे. पुढच्या दाराची किल्ली आहे का पाहा. डिस्क ज्या ट्रेमध्ये बसवतात ते ट्रे आहेत का हे तर नक्की पाहा, कारण विकताना डिस्क काढून घेतात आणि ट्रेही त्यांच्याबरोबर जातात. वरून दिसतात ती बहुतेक वेळा रिकामी जागा झाकणारी नुसती प्लास्टिकची तोंडे असतात. मला घरी आल्यावर हे कळले आणि चार ट्रे वेगळे विकत घ्यावे लागले.

विजेची केबलही तपासा. सर्व्हरबरोबर येणारी केबल पुष्कळदा रॅकच्या वीजपट्टीत बसणारी असते, म्हणजे तिच्या दोन्ही टोकांना संगणकी जोडच असतात आणि ती भिंतीच्या सॉकेटमध्ये जात नाही. साध्या डेस्कटॉपची तीन पिनांची केबल बहुतेक टॉवरना चालते.

३. जवळ असावीत अशी साधने आणि कागद

– खरेदीचे बिल, त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिलेला. हाच क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कारखान्यातून कोणत्या सुट्या भागांसह निघाले होते ते पुष्कळदा कळते आणि बायोसची सुधारित आवृत्तीही मिळते.
– मालकाची माहितीपुस्तिका. रॅम कोणत्या खाचेत कोणत्या क्रमाने बसवायची हे तिच्यातच सापडते.
– व्हीजीए केबल आणि ती घेणारा मॉनिटर. नव्या मॉनिटरांना व्हीजीए नसते, आणि सर्व्हरला बहुधा तेवढेच असते.
– तारेचा यूएसबी कीबोर्ड आणि माउस, निदान ८ जीबीचे पेन ड्राइव्ह, नेटवर्कची केबल.
– चौफुली स्क्रूड्रायव्हर आणि चांदणीच्या आकाराच्या टोकाचा टॉर्क्स टी१५. काही कंपन्यांच्या सर्व्हरमध्ये सगळीकडे टॉर्क्सचेच स्क्रू असतात.
– सीआर२०३२ बटण सेल, थर्मल पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, रंगाचा कोरा ब्रश.
– एसएसडी (हलणारे भाग नसलेली वेगवान डिस्क), आणि अडीच इंची डिस्क साडेतीन इंची ट्रेमध्ये बसवणारा सांगाडा.
– यूएसबी साउंड अडॅप्टर.

४. सफाई, सेल आणि रॅम

यंत्र अंगणात किंवा गॅलरीत नेऊन उघडा. आतली धूळ घरात घेण्यासारखी नसते. पंखे बोटाने अडवून मगच फुंकणी मारावी. प्रोसेसरवरचा थर्मल पेस्ट दहा वर्षांत खडूसारखा झालेला असतो, तो अल्कोहोलने पुसून वाटाण्याएवढा नवा लावावा. प्रोसेसर आणि रॅमवर बसणारे काळे प्लास्टिकचे आवरण अडगळ समजून बाहेर ठेवू नका. पंख्याची हवा नेमकी प्रोसेसरवरून नेणारी ती वाट आहे, आणि ती नसेल तर प्रोसेसर तापतो व पंखे ओरडू लागतात. झाकण उघडे ठेवून यंत्र चालवले तरी काही सर्व्हर लगेच पंखे पूर्ण वेगाने फिरवतात, कारण झाकण उघडले की दाबली गेलेली एक छोटी कळ सुटते.

मदरबोर्डवरचा बटण सेल न विचारता बदलून टाका. मी तो बदलला नाही. प्रणाली बसली, नेटवर्क जोडले, पण ब्राउझरमध्ये एकही संकेतस्थळ उघडेना. प्रत्येक ठिकाणी जोडणी सुरक्षित नसल्याची सूचना. एक अख्खी संध्याकाळ मी राउटर आणि केबल तपासण्यात घालवली. शेवटी पडद्याच्या कोपऱ्याकडे लक्ष गेले तेव्हा तिथे कित्येक वर्षे मागची तारीख दिसत होती. संकेतस्थळांची सुरक्षा-प्रमाणपत्रे त्या तारखेला जन्मालाही आलेली नव्हती, मग ब्राउझर ती कशी मान्य करणार? वीस-पंचवीस रुपयांच्या सेलने प्रश्न मिटला.

रॅम वाढवायची असेल तर पट्टीवरचे लेबल वाचायला शिका. डीडीआर३ पट्टीवर 'पीसी३-१०६००' यासारख्या आकड्याच्या शेवटी आर असेल तर ती रजिस्टर्ड, ई असेल तर बिनरजिस्टर्ड पण इसीसीची, आणि यू असेल तर साध्या डेस्कटॉपची. रजिस्टर्ड आणि बिनरजिस्टर्ड पट्ट्या एकत्र बसवल्या तर यंत्र सुरूच होत नाही. घरातल्या जुन्या डेस्कटॉपची पट्टी खाचेत नीट बसते, कारण आकार एकच आहे. पण बसते म्हणजे चालते असे नाही. रजिस्टर्ड रॅम डेस्कटॉपवाल्यांना निरुपयोगी असल्याने जुनी फार स्वस्त मिळते, हा मात्र ती चालणाऱ्या सर्व्हरवाल्यांचा फायदा.

५. डिस्क आणि रेड कार्ड

सर्वांत जास्त माणसे इथे अडकतात. तुम्ही पेन ड्राइव्हवरून प्रणाली बसवायला घेता आणि ती सांगते की डिस्कच नाही. डिस्क समोर दिसत असते, तिचा दिवाही लागलेला असतो. कारण असे की पुढच्या ट्रेमधल्या डिस्क थेट मदरबोर्डला जोडलेल्या नसून रेड कार्डाला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डाला, जोडलेल्या असतात, आणि कार्डाला 'या डिस्कांचे काय करायचे' हे सांगितल्याशिवाय ते प्रणालीला काहीच दाखवत नाही.

कार्डाच्या सेटिंगमध्ये शिरण्याची कळजोडी यंत्र सुरू होताना क्षणभर दिसते. कंट्रोल-आर, कंट्रोल-सी किंवा एखादी एफ कळ. काही कार्डांत डिस्क जशी आहे तशी पुढे दाखवण्याची सोय असते, ती असेल तर तीच निवडा. नसेल तर प्रत्येक डिस्कचा स्वतंत्र 'रेड ०' गट तयार करा. एका डिस्कचा गट ऐकायला विचित्र वाटतो, पण कार्ड तो मान्य करते. अशा गटातील डिस्क उद्या दुसऱ्या संगणकाला लावली तर ती सरळ वाचली जाईलच असे नाही, हे ध्यानात ठेवून महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर ठेवावी. शिवाय अनेक जुनी रेड कार्डे कोणती जागा मोकळी झाली हे एसएसडीला कळवणारा ट्रिमचा आदेश पुढे जाऊ देत नाहीत.

म्हणून मी केलेली व्यवस्था सुचवतो. बहुतेक टॉवर सर्व्हरच्या मदरबोर्डवर डीव्हीडी ड्राइव्हसाठी एखाददुसरा साटा जोड (घरगुती संगणकांत डिस्क लावण्याचा नेहमीचा जोड) असतो. डीव्हीडी ड्राइव्ह काढून टाकून त्याच्या जागी एसएसडी बसवा, बायोसमध्ये तो जोड एएचसीआय या साध्या, रेडविना पद्धतीवर ठेवा, आणि प्रणाली त्यावर घाला. रेड कार्ड आणि त्यावरच्या मोठ्या डिस्क केवळ साठवणीसाठी राहू द्या. एसएसडीला वीज देण्यासाठी डीव्हीडीचाच जोड वापरता येतो. तो पातळ लॅपटॉपी प्रकारचा असेल तर बदलजोड घ्यावा लागतो. विकत घेण्याआधी एक खात्री करून घ्या, काही यंत्रांत हा जोड यंत्र सुरू करण्याच्या क्रमात दिसत नाही. तसे असेल तर सुरू करणारा छोटा भाग पेन ड्राइव्हवर ठेवून बाकी प्रणाली एसएसडीवर ठेवण्याचा उपाय आहे, पण नवख्याने त्यात न शिरता एसएसडी रेड कार्डावरच लावलेली बरी.

एनव्हीएमई ही अधिक वेगवान प्रकारची एसएसडी मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस या कार्डांच्या खाचेत बदलकार्डाने बसते आणि प्रणालीला दिसतेही, पण त्या काळातल्या बायोसला एनव्हीएमई माहीत नसल्याने सहसा तिच्यावरून यंत्र सुरू होत नाही.

जुन्या डिस्क घेताना तीन सापळे आहेत. सास ही सर्व्हरसाठीची डिस्क साध्या साटा जोडात बसत नाही, मात्र साटा डिस्क सासच्या जागेत बसते. म्हणून उद्या दुसरीकडे वापरता येईल अशी साटाच घ्यावी. मोठ्या साठवण-यंत्रांतून निघालेल्या काही सास डिस्कांचे सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटांचे असतात आणि त्या पुन्हा मूळ रचनेत आणल्याशिवाय वापरता येत नाहीत; फार स्वस्त डिस्क दिसली की हा प्रश्न विचारावा. आणि २००८ ते २०१० च्या काळातली काही रेड कार्डे २ टीबीपेक्षा मोठी डिस्क पूर्ण ओळखत नाहीत.

सर्व्हरसोबत भरलेल्या डिस्क आल्या तर त्या उघडून पाहू नका. त्यात कोणाच्या तरी पगाराच्या याद्या किंवा रुग्णांच्या नोंदी असू शकतात. कार्डाच्या सेटिंगमधून किंवा लायनक्स या मुक्त प्रणालीतून त्या पूर्ण पुसून मगच कामाला घ्याव्यात.

६. बायोसमधील चार बदल

सुरू होण्याची पद्धत यूईएफआय (जुन्या बायोस-पद्धतीच्या जागी आलेली नवी पद्धत) ठेवा. वीजवापराची योजना 'कमाल कामगिरी' अशी असेल तर ती बदलून वीज वाचवणारी किंवा प्रणालीच्या हाती सोपवणारी करा. एवढ्याने माझ्या मीटरवरचा आकडा खाली आला आणि पंखेही मवाळ झाले. चूक आढळल्यास कळ दाबेपर्यंत थांबण्याचा पर्याय बंद करा. प्रत्येक वेळी सुट्या भागांची यादी गोळा करण्याचा पर्याय असेल तर तोही बंद करा, म्हणजे सुरू होण्याचा वेळ थोडा कमी होईल. थोडाच, कारण रॅमची तपासणी, रेड कार्डाची तपासणी आणि व्यवस्थापन-चिपची (दुरून सर्व्हर सांभाळण्यासाठी दिलेल्या वेगळ्या चिपची) तयारी हे होणारच. या काळात पडदा बराच वेळ काळा राहतो. पहिल्या दिवशी मी घाबरून दोनदा बटण दाबून यंत्र बंद केले आणि तीच वाट पुन्हा पहिल्यापासून पाहिली.

७. कोणती प्रणाली

विंडोजचा विचार असेल तर परिस्थिती अशी आहे. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. अट चुकवून ती बसवता येते, पण पुढच्या सुधारणा मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. दोन प्रोसेसर असलेल्या सर्व्हरवर होम आवृत्ती दुसरा प्रोसेसर वापरतच नाही, त्यासाठी प्रो लागते. ज्यांचे काम श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या मराठी सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे त्यांनी या यंत्राचा नाद सोडलेला बरा.

लायनक्समध्ये नवख्यासाठी लायनक्स मिंटची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती मी सुचवेन. मिंट २२ ही उबुंटू २४.०४ वर आधारित असून तिला २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत, आणि एक्सएफसीईला दिखाऊ हालचालींसाठी ग्राफिक्सची ताकद लागत नाही. डेबियनही उत्तम, पण १२ किंवा त्यापुढचीच आवृत्ती घ्या. त्याआधीच्या आवृत्त्यांच्या मुख्य संचात काही नेटवर्क चिपांना लागणारे फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम) नसे आणि नेटवर्क नाही म्हणून फर्मवेअर उतरवता येत नाही, असा पेच पडे. 'सर्व्हर आहे म्हणजे सर्व्हरचीच लायनक्स घालावी' या विचाराने रेड हॅट कंपनीच्या लायनक्स-कुळाकडे वळू नये. त्या कुळाने आठव्या आवृत्तीपासून अनेक जुन्या रेड कार्डांचा आधार काढून टाकला आहे, आणि रेड हॅटच्या दहाव्या आवृत्तीला एव्हीएक्स२ हा सूचनासंच असलेला प्रोसेसर लागतो, आणि तो संच २०१२ च्या झिऑनमध्ये नाही.

बसवण्याची कृती नेहमीचीच. दुसऱ्या संगणकावर प्रणालीची आयएसओ फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर लिहा, ते मागच्या साध्या यूएसबीत लावा, सुरू होताना बूट निवडीची कळ दाबा (बऱ्याच यंत्रांत एफ११) आणि यादीतून पेन ड्राइव्हची यूईएफआय नोंद निवडा. यूएसबी २.० असल्याने सगळे संथ चालते. डिस्क निवडण्याच्या पडद्यावर मात्र घाई नको; आकार वाचून एसएसडीच निवडली आहे ना हे दोनदा पाहा, आणि साठवणीच्या डिस्क त्या वेळी ट्रेसह बाहेर ओढून ठेवल्या तर सर्वांत उत्तम. ट्रेची हीच तर सोय आहे.

८. पडद्यावरचे चित्र

पहिल्यांदा डेस्कटॉप उघडेल तेव्हा खिडकी सरकवताना ती मागे ओढ घेते, व्हिडिओ अडखळतो, आणि मॉनिटरचे पूर्ण रिझोल्यूशन कदाचित मिळत नाही. या काळातल्या बहुतेक सर्व्हरवर मेट्रॉक्सच्या जी२०० घराण्यातली चिप असते. हे घराणे मूळचे १९९८ चे. सर्व्हरवरच्या तिच्या रूपाला कित्येकदा १६ एमबी स्मृती असते, आणि तिच्याकडून अपेक्षा एवढीच की देखभालीला आलेल्या माणसाला अक्षरे दिसावीत. प्रोसेसरमधले ग्राफिक्स वापरावे म्हणाल तर ई५ मालिकेत ते नसतेच. ई३ मधल्या १२२५, १२४५ अशा पाचने संपणाऱ्या काही प्रोसेसरांत असते, पण सर्व्हरच्या मदरबोर्डवर त्याचे चित्र बाहेर आणणारी वाट सहसा दिलेली नसते.

उपाय ग्राफिक्स कार्डाचा, आणि ते निवडताना तीन बंधने पाळावी लागतात. पहिले, सर्व्हरच्या वीजपुरवठ्यात ग्राफिक्स कार्डासाठीची वेगळी सहा पिनांची तार बहुधा नसते, म्हणून खाचेतूनच वीज घेणारे कार्ड हवे. दुसरे, खाच कोणती हे पाहावे: लांब १६ मार्गांची खाच असेल तर उत्तम; पण आठ मार्गांची, मागून बंद असलेली खाच असेल तर मोठे कार्ड त्यात शिरत नाही, आणि अशा खाचांना बऱ्याचदा २५ वॅटचीच मर्यादा असते. खाच कापून मोकळी करण्याचे व्हिडिओ पाहून हात शिवशिवले तरी थांबा. तिसरे, कार्ड लांबीने आखूड असावे, नाहीतर ते डिस्कांच्या पिंजऱ्याला अडते.

जीटी ७१० हे १९ वॅटचे, जीटी १०३० हे ३० वॅटचे आणि रेडिऑन आरएक्स ५५० हे ५० वॅटचे कार्ड आहे. जीटी ७१० जुने मुबलक मिळते, पण एनव्हिडियाच्या ज्या ४७० मालिकेतील ड्रायव्हरवर ते चालते त्याच्या सुधारणा २०२४ मध्ये थांबल्या. हे कार्ड घेतलेच तर लायनक्समधला मुक्त नुव्हो ड्रायव्हर तसाच राहू द्या. १६ मार्गांची खाच असेल तर मी एएमडीचे, म्हणजे रेडिऑन कार्ड घ्यायला सांगेन, कारण त्याचा ड्रायव्हर लायनक्सच्या गाभ्यातच (कर्नलमध्ये) असतो आणि वेगळे काही बसवावे लागत नाही.

कार्ड लावल्यावर चित्र जुन्या व्हीजीएवरच येत राहिले तर बायोसमधून मदरबोर्डवरची चिप बंद करावी लागते. हे पाऊल शेवटी टाका. नव्या कार्डावर प्रणाली नीट चालते याची खात्री होण्याआधी ती चिप बंद केली आणि कार्डाने दगा दिला, तर समोर काळा पडदा उरतो आणि जंपर हलवून बायोसची सगळी सेटिंग पुसणे एवढाच मार्ग राहतो.

कार्ड लावल्यावर पंखे अचानक वाढले तर दचकू नका. अनोळखी कार्ड किती तापते हे काही सर्व्हरना कळत नाही, म्हणून ते सावधगिरीने हवा वाढवतात. व्यवस्थापन-चिपच्या किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये याचा पर्याय असेल तर तो बदला. लायनक्समधल्या आयपीएमआयटूल या साधनाने काही यंत्रांचे पंखे हाताने मंद ठेवता येतात, पण एकदा वेग गोठवला की तापमान वाढले तरी पंखे वाढत नाहीत. आमच्याकडच्या मे महिन्यात मी ते धाडस करत नाही.

९. आवाज, नेटवर्क आणि मराठी टंकन

यूएसबी साउंड अडॅप्टर लावला की ध्वनीचा प्रश्न संपतो. सेटिंगमध्ये तोच बाह्य मार्ग म्हणून निवडावा.

नेटवर्कची केबल लावताना मागे तीन सारखेच जोड दिसतील. त्यातला एक, बहुधा पान्याचे चिन्ह असलेला किंवा थोडा बाजूला असलेला, व्यवस्थापन-चिपचा असतो. डेल त्या चिपला आयड्रॅक म्हणते, एचपी आयएलओ. त्यात केबल लावली तर दिवा लुकलुकतो, राउटरलाही नवे यंत्र दिसते, पण तुमच्या प्रणालीला इंटरनेट मिळत नाही. त्या जोडात घरी काहीच लावू नये. लावायचेच असेल तर त्या चिपचा मूळ पासवर्ड आधी बदला, कारण कारखान्यातले पासवर्ड जगजाहीर असतात आणि जुन्या चिपांना सुरक्षेच्या सुधारणा येणे थांबलेले असते. वायफाय हवे असेल तर लायनक्सला थेट चालणारा यूएसबी डोंगल पाहून घ्या.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांखाली मराठीची कगप ही उच्चारानुसारी मांडणी मिळते. इन्स्क्रिप्ट हवी असेल तर आयबस आणि एम१७एन हे दोन संच बसवावेत. इन्स्क्रिप्टवर 'पुढाऱ्यांनी' मधला ऱ्या जमत नाही अशी तक्रार पुष्कळजण करतात. शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्याला हलन्त आणि य जोडला की झाले.

१०. रोज वापरताना

वीज वाचवण्याच्या सेटिंगमध्ये जाऊन यंत्राला झोपवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी बंद करा. बहुतेक सर्व्हरना झोप माहीतच नाही. प्रणाली अर्ध्या तासाने त्याला झोपवायला जाते, ते अर्धवट अडकते, आणि तुम्ही परत येता तेव्हा पंखे चालू, पडदा काळा आणि न जतन केलेला मजकूर गेलेला. पडदा बंद होऊ द्यावा, यंत्र नव्हे. काम झाले की सरळ बंद करावे. सकाळी मी बटण दाबून चहा ठेवायला जातो आणि आधण येईपर्यंत लॉगिनचा पडदा आलेला असतो.

बंद केल्यावरही व्यवस्थापन-चिप जागीच असते आणि मागचा छोटा दिवा जळत राहतो, त्यामुळे गावाला जाताना भिंतीवरचे बटणही बंद करावे. यूपीएस घेताना सर्व्हरच्या वीजपुरवठ्यावर छापलेला मोठा आकडा पाहून घाबरू नका, तो कमाल आहे. पण घरातला चौकोनी लहरींचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर वीज जाताच सर्व्हर धाडकन बंद होण्याची शक्यता असते, कारण त्याच्या वीजपुरवठ्याला शुद्ध साइन लहर लागते. आणि सॉकेटला अर्थिंग आहे का हे वायरमनकडून एकदा तपासून घ्या. माझ्या घरातल्या त्या कोपऱ्यात ते नव्हते, आणि सर्व्हरच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येत. मी ते आठवडाभर पत्र्याचा गुण समजत होतो.